धुतलेल्या दाण्यांचं पाणी

नवऱ्याला फसवणाऱ्या बायका जगात काही कमी नाहीत. पण नवऱ्याला बरं करायचं म्हणून खसखस धुऊन त्याला फसवणारी बाई एखादीच असेल. ती बेकऱ्यांना तीळ, जवस आणि खसखस पुरवणाऱ्या एका गोदामात धुण्याच्या हौदावर कामाला होती. मुकादमापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला वहिनी म्हणत. आपणही वहिनीच म्हणू.

खसखशीचा दाणा तसा गरीब. पण तो ज्या बोंडात वाढतो त्या बोंडाला चीक असतो, आणि तो चीक म्हणजेच अफू. कापणीत बोंडं चिरडली की चीक दाण्यांना लागतो, वाळतो आणि पोत्यात बसून गोदामात येतो. म्हणून माल बेकरीला जायच्या आधी चाळायचा, भुसा उडवायचा, मग जाळीच्या फिरत्या पिंपात घालून धुवायचा आणि गरम हवेवर वाळवायचा, असा तिथला रिवाज होता. धुण्याचं पहिलं पाणी एखाद्या पोत्याचं कोऱ्या चहासारखं तांबूस निघे, तर शेजारच्याच पोत्याचं जवळजवळ नितळ. पोत्याकडे बघून आतलं काही कळत नसे. ते पाणी सरळ गटारात जाई आणि वहिनी कोपरापर्यंत हात साबणाने धुऊन घरी जाई.

तिचा नवरा फरशी बसवणारा मिस्त्री. काम असं की त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही. स्वभावाने मात्र बोलघेवडा, अघळपघळ, कुणाचीही टिंगल करणारा. एकदा परांचीवरून पडला आणि कंबर धरली ती धरलीच. दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या, दुखणं संपलं नाही. फरशीवाल्याने कंबर सांभाळायची म्हणजे स्वयंपाक्याने चुलीला घाबरण्यातला प्रकार. तो रात्रभर कुशी बदलत बसे, आणि सासूबाई पलीकडच्या खोलीतून उसासे टाकत.

अशात गोदामात पोती वजन करणारा काटेवाला म्हणाला, "वहिनी, न धुतलेली खसखस भिजवून तिचं पाणी द्या त्यांना. माझा बाप घ्यायचा. झाडाचंच तर आहे, त्याने काय होतंय?"

चाळणीखाली सांडलेला माल कामगारांनी नेला तर मुकादम बघून न बघितल्यासारखं करायचा. तिने पुडी बांधून नेली. मिस्त्री त्या दिवशी दुपारी जो झोपला तो संध्याकाळी उठला आणि लहान पोरासारखा हसला. म्हणाला, "ऐकलंस का, कंबर कुठे गेली गं माझी? सापडत नाहीये." सासूबाईंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. अशा हाताची चटक लागते, खोटं कशाला बोला.

पुढचं सगळं हळूहळू झालं, आणि हळूहळू होणाऱ्या गोष्टी घरातल्या माणसांना दिसत नाहीत. एक पेला होता त्याचे दोन झाले. पोट साफ होईना. बोलघेवडा माणूस ताटावर बसल्या बसल्या पेंगू लागला, घास हातात तसाच. पाणी मिळायला उशीर झाला की नाक गळे, अंगाला दरदरून घाम सुटे, पाय आपोआप झटके देत. कंत्राटदाराने एक काम काढून घेतलं, मग दुसरं. एकदा दूध तापत ठेवून तो शेगडीशीच उभ्या उभ्या झोपला. दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच चालू, आणि ठकी, त्यांची सात वर्षांची पोर, तिथेच खाली बसून चित्र रंगवत होती. वहिनी वेळेवर आली म्हणून. त्या दिवशी ती नवऱ्यावर ओरडली नाही. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, दोघांना बाहेर काढलं आणि पोरीला मांडीवर घेऊन जिन्यात बसली.

मिस्त्रीलाही शरम वाटली. त्याने ते पाणी एकदम सोडलं. पण ते दिवस आठवले तरी वहिनीच्या अंगावर काटा येई. तो ओकत होता, भिंतीवर डोकं आपटत होता, आपल्याच आईला नको ते बोलला. शेवटी वहिनीचे पाय धरले त्याने. पाय! ज्या माणसाने कधी कंत्राटदाराला "साहेब" म्हटलं नाही, त्याने. तिने भिजवून दिलं. पेला तोंडाला लावून तो रडत रडत प्यायला आणि म्हणाला, "मी आता असाच. नशेबाज. तू सोड मला."

"डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली.

"आणि काय सांगू? मिस्त्रीला अफूची चटक लागली म्हणून? उद्या कोण उभं करेल मला कामावर? तुझी नोकरीही जाईल. माल कुठून आणला, विचारतील की."

ते खरं होतं, आणि खऱ्याचीच पंचाईत असते. डॉक्टरचं तिथेच राहिलं. पण दुसऱ्या दिवशी हौदावर उभी असताना, पिंपातून तांबूस पाणी गटारात पडताना बघून तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला येतं काय? धुता येतं. मग धुवावं.

तिने घरच्या डब्यात न धुतलेल्या खसखशीत थोडी धुतलेली मिसळायला सुरुवात केली. धुतलेल्या दाण्यात चव राहते, बाकी फारसं काही उरत नाही. आठवड्याला थोडी थोडी धुतलेली वाढवायची, न धुतलेली कमी करायची. त्याला ताकास तूर लागू द्यायची नाही. कडूपणा कमी झाला तर त्याच्या लक्षात येईल, म्हणून तिने लिंबाच्या साली वाळवून, कुटून त्यांची पूड दाण्यांना चोळली. त्याने पाण्याला तांबूस रंगही येई. आपल्या या अक्कलहुशारीवर ती मनातल्या मनात खूश होती, आणि का नसावं? डॉक्टर नको, बोभाटा नको, शरम नको. घरातल्या घरात काम.

मिस्त्रीला पाणी कमी पडायला लागलं. साहजिकच होतं. "हल्लीचा माल फुसका आहे गं," तो कुरकुरायचा.

"मग जास्त भिजव. मी आणते की," ती म्हणायची.

तो जास्त भिजवू लागला. पेला होता तिथे तांब्या आला, तांब्याच्या जागी काचेची बरणी आली. तिला त्यात धोका दिसलाच नाही, उलट बरंच वाटलं. जितकं साधं पाणी पोटात जाईल तितकं चांगलं, आपण प्यायलो याचं समाधान तर त्याला मिळतंय. बरणीही पुरेना, तेव्हा तिनेच बाजारातून मोठी, रुंद तोंडाची बरणी आणून दिली. निम्मी दाण्यांनी भरायची, वर पाणी ओतायचं, गाळायचं आणि तेवढं सगळं एका बैठकीत संपवायचं, असा त्याचा नेम झाला. बघणाऱ्याला वाटलं असतं, केवढा हा व्यसनी! पण एक दिवस असा उगवला की डब्यात न धुतलेला एकही दाणा नव्हता. मिस्त्री बरणीभर लिंबाच्या सालीचं पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "हां. आता जरा बरं वाटतंय."

वहिनीने तोंडात पदराऐवजी भांडी पुसायचं फडकं कोंबलं आणि मोरीत जाऊन हसली. हसता हसता रडली. तो सुटला होता, आणि त्याला स्वतःला त्याची खबर नव्हती.

त्याचे डोळे उघडले, पोट सुरळीत झालं, टिंगलटवाळी परत आली. कंबर दुखायची, पण ती दुखली तर तो तिला शिव्या देई आणि कामाला लागे. एका शाळेच्या सभागृहाची फरशी त्याला मिळाली. एवढं मोठं काम अपघातानंतर पहिलंच. संध्याकाळी घरी येऊन तो ठकीला सांगायचा, "तुमच्या हेडमास्तरांचं डोकं जितकं गुळगुळीत, तितकी फरशी." ठकीची शाळा ती नव्हती, पण ती खिदळायची.

वहिनी त्याला सांगणार होती. का नाही सांगितलं? ती स्वतःला तेव्हाही विचारायची आणि दरवेळी नवं उत्तर काढायची. आज थकलाय. आज खुशीत आहे, कशाला बिघडवा. आणि आपल्याला बायकोने लहान पोरासारखं बनवलं, हे कळल्यावर तो अपमान गिळेल का? फणकाऱ्याने परत खऱ्या दाण्याकडे वळला तर? शेवटी तिने ठरवलं, सभागृहाचं काम पुरं होऊ दे. शेवटची फरशी बसली की तिथेच, त्याच फरशीवर त्याला उभं करायचं आणि सांगायचं, हे तू शुद्धीत केलंयस, बाबा. त्याचा चेहरा कसा होईल, हे ती हौदावर उभी राहून कितीदा तरी रंगवत असे. ते सुख तिला साठवून ठेवायचं होतं. माणसाला पैशाचा लोभ असतो तसा असल्या क्षणांचाही असतो.

मग तिला ताप आला. चांगलाच भरला. गोदामात जाणं नाही, आणि घरातला डबा रिकामा होत आला. रविवारी सकाळी मिस्त्रीने डबा उपडा करून बघितला.

"ऐकलंस का, हे संपलं."

ती तापात होती. "राहू दे आजचा दिवस," ती म्हणाली. "काही होत नाही एका दिवसाने."

तो हसला, पण त्या हसण्यात भीती होती. "तुला काय ठाऊक काय होतं ते. उद्या शेवटच्या ओळी लावायच्या आहेत. पाय झटकायला लागले तर फरशी काय छातीवर ठेवून लावू? तू झोप. मी बघतो माझं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. तिने तोंड उघडलंही, पण सासूबाई काढा घेऊन आल्या आणि ठकी मागोमाग. सगळ्यांसमोर कसं बोलायचं? दुकानातून आणेल ती पुडीतली, स्वयंपाकाची, धुतलेलीच असणार, असं तिने मनाशी म्हटलं आणि कुशीवर वळली. गोळीने डोळा लागला.

कोपऱ्यावरच्या दुकानात नवीन पाकिटं आली होती. कागदी, जाडीभरडी, वर छापलेलं: थेट शेतातून, जशीच्या तशी, कुठलीही प्रक्रिया न केलेली. हल्ली लोकांना जे धुतलेलं नाही ते जास्त शुद्ध वाटतं. मिस्त्रीने दोन पाकिटं घेतली. दुकानदाराला म्हणाला, "बायको आजारी आहे, तिला दगदग नको." घरी येऊन त्याने नेहमीसारखी मोठी बरणी निम्मी भरली. पाणी ओतलं, हलवलं, गाळलं. सासूबाईंना म्हणाला, "आज माल कडक दिसतोय, आई. फुसक्या मालाने जीव नुसता वैतागला होता." आणि नेहमीसारखं सगळं संपवलं.

उन्हं कलताना वहिनी जागी झाली. ताप उतरला होता, अंग हलकं वाटत होतं. घरात शांत होतं. बाहेरच्या खोलीत मिस्त्री खुर्चीत मान टाकून बसला होता, गळ्यापर्यंत चादर. ठकी त्याच्या पायाशी बसून बाहुलीची वेणी घालत होती. तिने तोंडावर बोट ठेवलं. "शू. बाबा झोपलेत. मघाशी किती घोरत होते! मी चादर घातली, मग थांबले."

वहिनीने चादर काढली. ओठ निळे पडले होते. तिने हाका मारल्या, गालावर मारलं, छाती दाबली, त्याच्या तोंडात तोंड घालून वारा भरला. त्या तोंडाला जो कडू वास होता तो लिंबाच्या सालीचा नव्हता. हौदावरच्या तांबूस पाण्याचा तो वास तिने हजार पोत्यांत ओळखला असता. ओट्यावर फाडलेली पाकिटं होती. ती वाचायची तिला गरज पडली नाही.

दवाखान्यात नेलं, पण नुसतं न्यायचं म्हणून. तिथला डॉक्टर तरुण होता आणि भला होता. त्याने तिला बाजूच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. बरणीबद्दल ऐकून त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"पावावरच्या खसखशीने कुणी मरत नाही," तो म्हणाला. "पण हे पाणी काढून पिणं... एका पाकिटात काहीच नसतं, दुसऱ्यात जीव घेण्याइतकं असतं. बाहेरून कळत नाही. त्यात, रोज घेणाऱ्याचं शरीर सरावलेलं असतं. मध्ये सोडलं की सराव जातो. मग जुनं मापही झेपत नाही. आणि हे तर एवढं... ताई, एवढं कुणी चुकून घेत नाही. घरात काही झालं होतं का? ते खचले होते का?"

तिने मान हलवली. हो का नाही, तिलाच कळलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट भणभणत होती: चुकून नाही. मापून घेतलं. ते माप मी घडवलं. त्याचा सराव मी घालवला आणि त्याचं माप मी वाढवलं, दोन्ही एकाच हाताने, आणि त्याला एकाचाही पत्ता लागू दिला नाही. तिने तोंड उघडलं नाही. डॉक्टर समजायचं ते समजला.

नंतर सगळेच तसं समजले. मिस्त्रीला पोचवून आल्यावर माणसं दारात उभी राहून हळू आवाजात बोलत. कंबरेला कंटाळला असेल. चटक लागली होती म्हणे, शरमेने संपवलं स्वतःला. कंत्राटदार येऊन गेला. तो एकटाच म्हणाला, "शनिवारी तर गाणी म्हणत होता हो." पण त्याचंही कुणी मनावर घेतलं नाही. म्हणे जाणारी माणसं आधी अशीच हसतात. सासूबाई जेवत नव्हत्या. भिंतीकडे तोंड करून एकच म्हणत, "मला एकदा विचारलं असतंस तरी, पोरा. एकदा."

वहिनी ऐकत होती आणि मूग गिळून बसली होती. हौदावर परत जाऊ लागली. हात चालत होते म्हणून काम होत होतं. खरं सांगितलं तर काय? मारलं मीच, असंच ना. नाही सांगितलं तर तो पळपुटा ठरतो. दोन्हीकडून तीच मेलेली होती. वाईट याचं की अजून श्वास चालू होता.

मग एका सकाळी ठकी शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, आमच्या वर्गात म्हणतात बाबांनी मुद्दाम जीव दिला."

वहिनी दूध गाळत होती. हात थांबला.

"त्यांना आपल्याबरोबर राहायचं नव्हतं का? मी चादर घातली ना त्यांना. मी उठवलं असतं तर... पण त्यांना उठायचंच नव्हतं ना? मग माझं काही चुकलं नाही ना?"

सात वर्षांच्या पोरीने हिशेब कुठवर नेला होता! वहिनीने पातेलं खाली ठेवलं, ठकीला खुर्चीवर बसवलं, आणि सासूबाईंना हाक मारली. मग सांगितलं. काहीही न गाळता सांगितलं. पहिली पुडी, चाळणीखालची. डब्यातली मिसळण. लिंबाच्या साली. मोठी बरणी कुणी आणली ते. रविवारी सकाळी तोंड उघडून मिटलं ते. "त्यांना मरायचं नव्हतं," ती म्हणाली. "त्यांना सोमवारी कामावर जायचं होतं. तुझं काही चुकलं नाही. त्यांचंही नाही. सगळं माझ्याकडून झालं."

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आता त्या आरडाओरडा करतील, अंगावर धावून येतील, असं वहिनीला वाटलं. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हणजे तो बरा झाला होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"पुरता?"

"हो, आई. कधीचे बरे झाले होते."

"आणि त्याला माहीत नव्हतं."

वहिनीने मान हलवली.

"माझा पोरगा," सासूबाई म्हणाल्या, अगदी हळू, जसं काही त्या स्वतःलाच समजावून सांगत होत्या, "शेवटपर्यंत स्वतःला नशेबाज समजून गेला." आणि खाली बसल्या, तिथेच, उंबऱ्यात.

शाळेची वेळ होत आली होती. वहिनीला दुसरं काही सुचेना, म्हणून तिने दूध पेल्यात ओतलं, साखर घालून ढवळलं आणि ठकीसमोर ठेवलं. पोरीचे डोळे कोरडे होते. तिने पेल्यात वाकून बघितलं. मग आईकडे बघितलं.

"यात काय घातलंस?"

"साखर."

"आणि?"

"आणि काही नाही, बाळा. दूध आहे."

ठकीने पेल्याचा वास घेतला. वहिनीने पेला उचलून स्वतः एक घोट घेतला, तिला दिसेल असा, आणि परत समोर ठेवला. ठकीने हात लावला नाही. बाबाही रोज पीत होते आणि आई रोज समोरच उभी असायची, हे तिला आता कळलं होतं. तिने पेला दोन्ही हातांनी बाजूला सरकवला, सांडू न देता, आणि खुर्चीवरून उतरून उंबऱ्यात बसलेल्या म्हातारीजवळ गेली.

"आजी," ती म्हणाली, "माझं दूध तू दे."